अर्ध्यावर सोडलेलं गिऱ्हाईक

कॅन्सरच्या इस्पितळासमोर ज्याचं सलून आहे, त्याला सगळी गल्ली तोफ म्हणते. आवाज तसा, राग तसा आणि हसणंही तसंच. तोंड दिवसभर चालू, पण हात त्याहून सरस. त्याच्या दुकानाचा एक नियम होता, वडिलांनी घालून दिलेला. गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती कापड बांधलं की ते सोडेपर्यंत खुर्चीपासून हलायचं नाही. फोन वाजो, बायको हाका मारो. एकदा शेजारच्या दुकानाला आग लागली, तेव्हाही यानं आधी गिऱ्हाइकाच्या मिशीची दुसरी बाजू सारखी केली आणि मगच बादली उचलली.

मग त्याच्याच आतड्याच्या शेवटच्या टोकाला गाठ निघाली. ऑपरेशन समोरच झालं, आणि करणारे सर्जन त्याचं जुनं गिऱ्हाईक. त्यांचं संशोधन चाललं होतं: गाठ काढून आतडं पुन्हा जोडायचं आणि किती रुग्णांची पोटावरच्या पिशवीतून सुटका होते ते पाहायचं. तोफेनं खुशीनं सही केली. जोड भरून येईपर्यंत काही महिने शौच त्या पिशवीत. सुरुवातीला त्याला तिची किळस यायची, मग ती अंगवळणी पडली. सकाळी पिशवी रिकामी करायची, वरून सैल सदरा, आणि दिवसभर कात्री.

पिशवी निघाली त्या दिवशी डॉक्टरांनी त्याची पाठ थोपटली. आणि खरे भोग तिथून सुरू झाले. शौचाची कळ आली की थोपवता येईना. जाऊन यावं, कात्री उचलावी, की पुन्हा कळ. गालाला फेस लावलेली माणसं आरशात स्वतःकडे बघत बसायची आणि तोफ मागच्या संडासात. वडिलांचा नियम रोज मोडत होता. एकदा तर दारापर्यंत पोचायच्या आतच घात झाला. खुर्चीतला माणूस नाक दाबून उठून गेला, तो परत आला नाही. तेव्हापासून तोफेचा आवाज बसला तो बसलाच.

"डॉक्टर, मला माझी पिशवी परत द्या," त्यानं जाऊन सांगितलं.

डॉक्टर हसले. "अहो, लोक पिशवी काढा म्हणून रडतात! कॅन्सर नाही, पिशवी नाही, आणखी काय हवं तुम्हाला?"

"मला काम करायचंय."

"होईल सवय. अभ्यास संपेपर्यंत जरा दम धरा, मग बघू."

पुढच्या खेपेलाही तेच, त्याच्या पुढच्या खेपेलाही तेच. अधूनमधून संशोधन विभागातल्या ताईंचा फोन यायचा.

"काका, पिशवी आहे का?"

"नाही, पण..."

"छान!"

त्या 'पण'च्या पुढचं ऐकायची सोयच त्या अभ्यासात नव्हती. माणूस जिवंत आहे, पिशवी नाही, म्हणजे यशस्वी. यश कुणाचं, ते मात्र कुणी विचारायचं नाही!

बायकोच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "त्यांचे आकडे देखणे दिसावेत म्हणून तुम्ही संडासात जन्म काढायचा का? आणि तुम्ही कसली हो तोफ? इतकी वर्षं गल्लीत गरजलात आणि तिथे गेलात की मांजर!" ज्यानं जीव वाचवला त्याच्याशी भांडायचं कोणत्या तोंडानं, हे तोफेला कळत नव्हतं.

एके दिवशी डॉक्टर घाईघाईनं सलूनमध्ये शिरले. "पटकन आवरा बरं का. दुपारी मोठी सभा आहे, आपल्या अभ्यासाचे निकाल मांडायचेत. तुम्हीही आहात त्यात, यशस्वींमध्ये."

तोफेनं कापड बांधलं. एक बाजू झकास उतरवली, आणि पोटात कळ आली. त्यानं खुर्चीची पाठ घट्ट धरली, दात आवळले. मग "आलोच" म्हणून पळाला. परत आला, कात्री चार वेळा चालली, पुन्हा पळाला. बाहेर डॉक्टरांचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता.

"अहो, किती वेळ? माझी सभा आहे!" डॉक्टर संडासाच्या दाराकडे बघून ओरडले.

तोफ घामाघूम होऊन बाहेर आला. डॉक्टरांनी आरशात आधी स्वतःचं अर्धं डोकं पाहिलं, मग त्याचा पांढराफटक चेहरा.

"रोज असंच होतं?"

"नाही. आज बरा दिवस आहे."

डॉक्टरांनी कापड सोडायला हात मानेमागे नेला. "राहू द्या. मी जातो असाच."

"बसा!" कितीतरी महिन्यांनी तोफ धडाडली. "मी कुणाला अर्ध्यावर सोडत नाही. तुम्ही सोडलंत मला. गाठ काढलीत, जन्मभर उपकार मानीन. पण पुढचं तुम्हाला ऐकायचंच नव्हतं! मी येऊन येऊन पिशवी मागतोय आणि तुम्ही म्हणता दम धरा. अहो, धरवत नाही, म्हणूनच तर येत होतो!"

डॉक्टर बसले. ड्रायव्हर दारात डोकावला, त्याला त्यांनी हातानंच थांबवलं.

"पिशवी लावू," ते आरशात बघून म्हणाले. "दिवस तुम्ही सांगा."

"आणि आज तिकडे काय सांगणार? मी यशस्वी?"

"सांगतो, की आम्ही तुम्हाला धड विचारलंच नाही."

तोफेनं दुसरी बाजू उतरवली, कल्ले सारखे केले, मागे आरसा धरून दाखवला, मानेवरचे केस झटकले आणि मगच कापड सोडलं.

"आता जा," तो म्हणाला, आणि पोट धरून मागे पळाला.