मिस्टर यी

ञुन यी आजीला रागवायला कारण लागत नाही, हे अख्ख्या मोलम्याइन बंदराला ठाऊक आहे. पण त्या दुपारी कारण होतं, आणि चांगलं जुनं, मुरलेलं होतं.

तिची लेक तांदा मोबाइलवर नातीचा, म्हणजे पान फ्यूचा, समुद्रापलीकडच्या पेनांगच्या शाळेचा अर्ज भरत बसली होती. आडनावाचा रकाना भरल्याशिवाय तो मेला अर्ज पुढेच सरकेना.

"आई, हिच्या बापाच्या नावातलं 'थेइन' घालून टाकते तिथे," तांदा म्हणाली. "एवढं काय त्यात?"

आजीने तोंडातलं पान थुंकलं. "एवढं काय? आपल्या बर्मी माणसांत कुणाला आहे गं आडनाव? तुला आहे? तुझ्या बापाला होतं? ज्याचं नाव त्याचं. आता पोरीला शेपूट लावतेस?"

त्या शेपटाचं दुखणं तिला चौदाव्या वर्षापासूनचं. तीही पेनांगलाच शिकायला होती. पहिल्याच दिवशी वसतिगृहाच्या मेट्रनबाईंनी तिच्या नावाचे दोन तुकडे केले. ञुन हे नाव, यी हे घराणं. पोरीला विचारलंसुद्धा नाही.

मग एका रविवारी तिचे वडील, ऊ सेइन लिन, जहाजाने भेटायला आले. रेशमी लुंगी, डोक्याला फेटा, बगलेत मुरवलेल्या चहाच्या पानांची बरणी. मोलम्याइनच्या धक्क्यावर हमालापासून तांडेलापर्यंत सगळे ज्यांना वाट करून द्यायचे, त्यांना मेट्रनबाईंनी फाटकाबाहेर उभं केलं.

"मुलगी यी, तुम्ही लिन. बाप कसे तुम्ही?"

"आमच्यात असंच असतं, बाई."

"असं कुठेच नसतं."

"ते माझे बाबाच आहेत," ञुन यी वरच्या खिडकीतून ओरडली. मुलींनी खिडकीतून ओरडायचं नसतं, असं उत्तर मिळालं. ऊन चढलं, फेटा घामाने भिजला. शेवटी बाई म्हणाल्या, मिस्टर यी असाल तर आत या.

वडिलांनी एकदा खिडकीकडे पाहिलं. "हो," ते म्हणाले. "मीच मिस्टर यी."

मग संध्याकाळपर्यंत बाईंचं आपलं मिस्टर यी, मिस्टर यी. चहासुद्धा त्याच नावाने पाजला.

"बापाने लेकीचं नाव लावलं," आजी म्हणाली. "तेही अर्धंमुर्धं. आणि निघताना त्या बाईचे आभार मानले. ती बरणी तिच्या डोक्यावर उपडी करायची सोडून."

"ते सगळं खरं गं आई. पण उद्या फ्यूला भेटायला गेल्यावर आपल्यालाच अडवलं तर?"

फ्यू गालातल्या गालात हसत म्हणाली, "आजी, तू ये. सांग त्यांना, मी मिसेस फ्यू."

आजी हसली नाही. "नाही सांगणार. फाटकाबाहेर स्टूल टाकून बसेन. पान चघळत. बघू कोण उठवतं."

ही म्हातारी खरंच बसेल, हे तांदाला पक्कं माहीत. तिने उसासा टाकला आणि रकान्यात लिहिलं, 'आडनाव नाही'.

अर्ज मुकाट पुढे सरकला.

आजी त्या मोबाइलकडे बघतच राहिली. "इतकंच होतं?" ती म्हणाली, आणि तिचा राग उलट दुप्पट झाला.