मुकादमचाचांची फाइल

मुकादमचाचांच्या टेबलाशी कुणीही आलं, की ते आधी बोट मागत. रक्तातला ऑक्सिजन मोजायचा चिमटा बोटाला लावायचे, आकडा बघायचे आणि मगच कामाचं बोलायचे. दम्मामच्या त्या ऑफिसात मी मुलाखतीला गेले तेव्हा माझी प्रमाणपत्रं बाजूलाच राहिली. चिमट्यावर अठ्ठ्याण्णव आलं. "फुप्फुसं बरी हायत. भांडता येतंय ना?" मी म्हटलं, माझ्या नवऱ्याला विचारा. ते खो खो हसले आणि रविवारपासून ये म्हणाले.

चाचा गुहागरकडचे. सौदीत आले तेव्हा वाळूचा मारा करून लोखंड घासायच्या यार्डात होते, मग शिकत शिकत आमच्या बिलिंग विभागाचे प्रमुख झाले. कंपनी घरी ऑक्सिजनची मशीनं पुरवायची. विम्याची मंजुरी आली तरच मशीन गोदामातून हलायचं. त्या मंजुरीची फाइल आम्ही बनवायचो: आजाराचा कोड, मशीनचा कोड आणि सगळ्यांत मोठा तो आकडा. नाकातली ऑक्सिजनची नळी काढून, रुग्णाला शांत बसवून मोजल्यावर ऑक्सिजन अठ्ठ्याऐंशी किंवा त्याखाली आला, तरच त्याची गरज खरी धरत. नळी लावून मोजलं तर मरणाऱ्याचाही आकडा ठणठणीत येतो.

आणि नर्सेसना नळी काढवत नसे! समोर माणूस धापा टाकतोय, त्याची नळी कशी काढणार? मग नळी ठेवूनच मोजत, फाइल नामंजूर होई आणि चाचा फोनवर कडाडत, "बिदून ऑक्सिजन, सिस्टर, बिदून! बिना ऑक्सिजन! नली निकालो, दस मिनिट बिठाओ, फिर नंबर लिखो!" फोन ठेवून मला म्हणत, "दया करून मारतात ह्ये लोक." दुसरं त्यांचं ठरलेलं वाक्य, "तू बोलून काय उपेग? कागद बोलला पायजे." मला त्यांचा कधी कधी भयंकर राग यायचा. एका शब्दासाठी चार वेळा फाइल परत करायची, म्हणजे काय!

पण हुफूफ शहरातल्या एका म्हातारीची फाइल तीनदा परत आली, तेव्हा हाच माणूस शुक्रवारची सुट्टी मोडून स्वतः तिथल्या दवाखान्यात जाऊन बसला. म्हातारीची नळी काढायला लावली, दहा मिनिटं तिचा हात धरून तिच्याशी मोडक्यातोडक्या अरबीत गप्पा मारल्या. आकडा ब्याऐंशी आला. आठवड्यात मशीन तिच्या उशाशी होतं. तिच्या मुलाने खजुराची पेटी पाठवली, ती चाचांनी ऑफिसात वाटून टाकली. वर मलाच ऐकवलं, "बघ, ह्याला भांडणं म्हणतात. तू नुसती तोंड चालवतेस."

सगळ्यांची बोटं तपासणारा हा माणूस स्वतःचं बोट कधी त्या चिमट्यात घालत नसे. जिना चढून आले की पाच मिनिटं बोलत नसत. मी विचारलं तर "वय झालं, बाय" एवढंच. यार्डातली वाळू छातीत बसली होती, हे त्यांना माहीत नव्हतं असं मला आजही वाटत नाही. एका दुपारी ते टेबलावरच कोसळले.

आठ दिवसांनी रुग्णालयाने त्यांना घरी सोडलं आणि त्यांच्या मशीनची फाइल माझ्या टेबलावर आली. आता नीट ऐका, कारण हे मी फार कुणाला सांगितलेलं नाही. ती फाइल मी वाचली नाही. कोड घातले, सही केली, पाठवून दिली. म्हटलं, साक्षात मुकादमचाचांची फाइल, जिथे ते आहेत तिथे चूक कसली राहणार? आपलं माणूस म्हणून जरा जास्त बघावं, तर आपलं माणूस म्हणून बघितलंच नाही.

तिसऱ्या दिवशी नामंजुरी आली: ऑक्सिजनची गरज सिद्ध होत नाही. मी पान उलटलं. आकडा चौऱ्याण्णव! नळीचा उल्लेखच नाही. वॉर्डात फोन लावला तर सिस्टर रडायलाच लागली. म्हणाली, "मॅडम, आवाज से पहचान लिया था मैंने, वही फोनवाले चाचा. बेहोशी जैसी हालत में बड़बड़ा रहे थे. उनकी नली निकालने को मेरा हाथ नहीं उठा."

गोदामात बारा मशीनं धूळ खात उभी होती. मी मॅनेजरकडे गेले, हात जोडले, म्हटलं, एक उसनं द्या. तो म्हणाला, "मंजुरीशिवाय मशीन हलवायचं नाही, हा नियम कुणी केला? मुकादमनेच ना?" खरं होतं ते. कसला डोंबलाचा नियम! मी आरडाओरडा केला, रडले, शेवटी तपासणीची नवी तारीख मिळवली, पुढच्या रविवारची.

चाचांना फोन केला. ते दम्मामजवळच्या थुक्ब्यातल्या आपल्या खोलीवर होते. दोन शब्द आणि एक श्वास, असं बोलत होते. मी म्हटलं, "चाचा, सिस्टरने नळी ठेवूनच मोजलं हो."

"तू फाइल... वाचलीस ना?"

"वाचली."

"वाचली असतीस... तर सोडली नसतीस." आवाजात राग असता तर बरं झालं असतं. मी माफी मागणार तोवर त्यांना खोकल्याची उबळ आली आणि फोन बंद झाला.

शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजाआधी चाचा गेले. दफनही तिथेच झालं. गावाहून कुणाला येता आलं नाही.

चार दिवसांनी त्यांच्या बायकोचा, जैनबभाभींचा, गुहागरहून फोन आला. ऑफिसातून माझा नंबर मिळवला होता. मी काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, "तुमचे मोठे उपकार झाले बाय. ह्यांनी सांगितलान मला फोनवर, मशीन आली, आमच्या बायनं एका दिवसात लावून दिलान, आता झोप लागते म्हणून. तेवढं तरी सुख भेटलं त्यांना. भेटलं ना?"

"हो भाभी," मी म्हटलं, "भेटलं."