जावेचा काळा-पांढरा कॅमेरा

माझ्या धाकट्या जावेने गेल्या हिवाळ्यात एक कॅमेरा घेतला. त्यातून फक्त काळे-पांढरे फोटो निघतात. बिघडलाय म्हणून नव्हे, तो बनवलाच तसा आहे. रंग ओळखण्याची सोय आत ठेवलेलीच नाही. किंमत मी तिला विचारली नाही. घरी येऊन मोबाईलवर पाहिली. तेवढ्यात आमच्या सासरच्या गावी, आसगावात, जुना पण चालू ट्रॅक्टर आला असता.

फोटो हा माझा धंदा आहे. पवनीत माझा स्टुडिओ आहे, चोवीस वर्षांपासून. जाऊ भंडाऱ्याच्या कॉलेजात शिकवते आणि रविवारी हौस म्हणून फोटो काढते. माझ्या कॅमेऱ्याच्या पकडीवरचं रबर सुटलंय, त्यावर मी काळी चिकटपट्टी गुंडाळलीय. आणि तिच्या गळ्यात हे. मला राग आला असं म्हटलं तर ते जरा सभ्य वाटेल, पण राग नव्हता. तिच्याकडे आहे आणि माझ्याकडे नाही, एवढीच गोष्ट होती, आणि ती भाजी चिरतानाही डोक्यातून जात नव्हती.

तरी मी गप्प बसले असते. पण एका रविवारी ती आसगावला गेली आणि तिने सासूबाईंचा फोटो काढला. सासूबाई ओसरीत लाखोरीची डाळ निवडत होत्या. सूप मांडीवर, एक हात हनुवटीशी. फोटो घरच्या ग्रुपवर आला. मी तो दुकानात उभ्यानेच पाहिला आणि गिऱ्हाइकाला दोन मिनिटं थांबवलं. त्यात त्यांच्या गालावरची एकेक सुरकुती होती, हनुवटीवरचे गोंदणाचे तीन ठिपके होते, मनगटावरचं गोंदलेलं तुळशीवृंदावन होतं. मागची भिंत अंधारात गेली होती आणि तरी तिचा शेणामातीचा पोत दिसत होता. नणंदांनी हात जोडले, भाच्यांनी हार्ट टाकले. सासरे कधी काही लिहीत नाहीत. त्यांनी कोणाकडून तरी लिहून घेतलं, की असा फोटो आजवर निघाला नव्हता.

आजवरचे सगळे मी काढलेले होते.

सासूबाईंनी वर्षभरापासून एक विषय लावून धरला होता. भिंतीवर लावायचा फोटो त्यांना जिवंतपणीच, स्वतःच्या डोळ्यांनी पाहून ठरवायचा होता. यात विचित्र काही नाही. माणूस गेल्यावर मुलं माझ्याकडे लग्नातला फोटो घेऊन येतात, त्यात बाप पन्नास जणांत मागे उभा असतो, तोंडात घास, आणि म्हणतात एवढं मुंडकं मोठं करून द्या. शहाणी म्हातारी माणसं आधीच येऊन जातात. आसगावातल्या बऱ्याच घरांत गेलेले लोक माझ्या हातच्या फोटोत भिंतीवर आहेत. सासूबाईंचा फोटोही माझाच असणार हे कोणी बोललं नव्हतं, कारण बोलायची गरजच नव्हती. आता त्यांचा फोन आला: लहानीनं काढलेला मोठा करून आण, तुझाही एखादा आण, मग पाहू.

त्याच दुपारी मी तसल्याच कॅमेऱ्यासाठी नागपूरच्या दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, एक शिल्लक आहे, आठ दिवस ठेवतो. नव्या प्रिंटरसाठी बाजूला ठेवलेली रक्कम होती, बाकीचं हप्त्याने. जुना प्रिंटर निळसर पट्टे मारतो. मारू दे म्हटलं.

पण न वापरता मी तवासुद्धा घेत नाही. जावेकडे दोन दिवसांसाठी कॅमेरा मागितला. तिने लगेच दिला, वर एक जास्तीची बॅटरीही दिली. म्हणाली, "ताई, तुमच्या हातात शोभतो हो." तिने नाही म्हटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

स्टुडिओत त्याचा उपयोग लगेच कळला. योजनेच्या फॉर्मला रंगीत फोटो लागतो, शाळेला रंगीत, बँकेला रंगीत. लग्न ठरलेलं एक जोडपं आलं, त्यांचा एक काढून दाखवला. मुलगी खूश झाली. तिच्या होणाऱ्या सासूने स्क्रीन पाहिली आणि म्हणाली, "हे काय वं माय, हार घालाचा बाकी आहे नुसता." रंगीतच घेतले, चेहरे गोरे करून.

मग मी आतल्या खोलीत दिवा न लावता, खिडकीच्या उजेडात स्वतःचाच हात काढला. एकदा जावेच्या कॅमेऱ्याने, एकदा माझ्याने. माझ्या फोटोत अंधारात रवा सांडल्यासारखे दाणे आले. त्याच्या फोटोत नखाजवळची फाटलेली कातडी स्वच्छ आली. फरक होता. नाही म्हणाले तर खोटं होईल. त्या कॅमेऱ्याची किंमत उगाच नाही हे त्या खोलीत मला पटलं, आणि पटल्यामुळे जास्तच जळले.

संध्याकाळी जावेचा फोटो प्रिंटसाठी मोठ्या स्क्रीनवर उघडला, तेव्हा मला कपाळ दिसलं. त्यावर कुंकू नव्हतं.

आधी वाटलं, लावलंच नसेल. पण सासूबाई कुंकवाशिवाय चुलीजवळही जात नाहीत. मग कॅमेरा उचलून पाहिला. लेन्सवर लाल काच चढवलेली होती, ती काय करते याचा विचार न करता मी दिवसभर तशीच ठेवून फोटो काढले होते. नदीवरचं आभाळ गडद यावं म्हणून जाऊ ती लावते आणि काढायला विसरते. लाल काचेतून निळं-हिरवं काळं होतं, म्हणून गोंदण एवढं उठून आलं होतं. आणि लाल ते फिकं पडतं. कुंकू कातडीत विरघळून गेलं होतं. सासरे ओसरीत बसून रेडिओ ऐकताहेत आणि बायकोचं कपाळ कोरं. ग्रुपवर तीस जण, एकाच्याही लक्षात आलं नाही.

मला आनंद झाला. तो ठिपका परत लावणं माझं दोन मिनिटांचं काम, रोज तेच करते. मी लावला नाही. जसा होता तसा मोठा केला, चांगल्या मॅट कागदावर. शेजारी माझा रंगीत ठेवला, लाल काठाच्या साडीतला, ठसठशीत कुंकवाचा.

रविवारी आसगावला सगळे होतो. सासूबाईंनी दोन्ही फोटो मांडीवर घेतले, चष्मा पुसला, बराच वेळ पाहिलं आणि जावेच्या फोटोवर बोट ठेवलं.

"हा."

मी याचीच वाट पाहत होते. म्हटलं, "आई, कपाळ पाहा जरा."

जावेने वाकून पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. ती हळूच म्हणाली, की ताई, मला आधी सांगायचं होतं न. सासऱ्यांनी फोटो हातात घेऊन डोळ्यांपासून लांब धरला.

"मी जिवंत आहो, असं खाली लिहून टाका मंग," ते म्हणाले.

सगळे हसले. सासूबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मले दिसलं होतं. पहिल्याच दिवशी."

"मंग बोलल्या काहून नाही?" मी विचारलं.

"कायले बोलू? कुंकू रोज पुसते, रोज लावता येते. हे रोज गोंदता येते का?" त्यांनी हनुवटीला बोट लावलं. "मायच्या घरी गोंदलं, सात वर्षाची होती मी. मेल्यावर हेच एवढं संगं येते. तुया फोटोत मायी हनुवटी कोरी रायते. दरवेळी. मले वाटे, तुले आवडत नसंल."

मी माझा फोटो पाहिला. हनुवटी स्वच्छ होती. मनगटही. चेहरा साफ करताना तीळ, मुरुमाचे डाग, गोंदण, सगळं एकाच हाताने जातं; गिऱ्हाइकांना तसंच हवं असतं, आणि घरच्या फोटोंवरही हात तसाच चालत राहिला. मी कधी ठरवून पुसलं नाही. पण हे त्यांना सांगून काय उपयोग होता? इतकी वर्षं त्यांनी मनात धरलं, की गोंदण मला आवडत नाही, आणि खरं म्हणजे मी ते पाहिलंच नव्हतं.

जाऊ म्हणाली, ती काच काढून पुन्हा फोटो काढते. सासूबाई म्हणाल्या, पुन्हा बसणार नाही. माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "कुंकू तू लावून दे तुया हातानं. बाकी कायले हात लावू नको."

सोमवारी मी नागपूरला फोन करून नको म्हणून सांगितलं. कॅमेरा चांगला आहे, त्याच्या किमतीचा आहे. पण पवनीत मला रोज रंगीत आणि गोरे फोटो द्यायचे आहेत, आणि अंधाऱ्या ओसरीत बसलेली माणसं वर्षातून चार मिळतील. प्रिंटर घेतला.

मग जावेच्या फोटोत कुंकू लावलं. काळ्या-पांढऱ्यात त्याचा करडा रंग किती गडद धरायचा यात सकाळ गेली. तीनदा पुसून पुन्हा लावलं. बाकी कशालाच हात लावला नाही. सागवानी फ्रेम केली. आता तो फोटो आसगावच्या कपाटात जुन्या लुगड्यात गुंडाळलेला आहे, लागेल तेव्हा काढायचा म्हणून.

माझ्याकडून जाणाऱ्या प्रत्येक फ्रेमच्या मागे स्टुडिओच्या नावाचं स्टिकर असतं. यावरही लावलं. फोटो कोणी काढला ते कुठेच लिहिलेलं नाही. जावेने अजून फ्रेम उलटून पाहिलेली नाही, आणि त्या कॅमेऱ्याची किंमत मी अजून मोबाईलवर पाहते. उतरलेली नाही.