चुन्याची रेघ

अन्याय झाला तो माझ्या धाकट्या बहिणीवर. गेल्या दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी, गोंदियाच्या मैदानावर, सकाळच्या चाचणीत, पाणी प्यायची सुट्टी व्हायच्या जरा आधी. वेळ सांगतो, कारण नंतर सगळे म्हणाले, अन्याय असा काही झालाच नाही.

चाचणी मुलींच्या राष्ट्रीय फुटबॉल लीगमध्ये खेळणाऱ्या एका क्लबची होती. निवड झाली तर क्लबचं वसतिगृह, जेवण, शाळा. नाही झाली तर धानाच्या रोवणीच्या चिखलात आईच्या बाजूची जागा.

लीगने देश जोडला, असं टीव्हीवर सांगतात. कोणता देश? पुरुषांच्या लीगमध्ये सुरुवातीला बँकांचे, गिरण्यांचे, पोलिसांचे संघ होते. पायात खेळ असला की गरिबाच्या पोराला नोकरी लागायची. मग लीगची नावं बदलली, मालक आले, रोषणाई आली, नोकऱ्या गेल्या. आमच्या गावात लीग पोचली ती मोबाइलवर, तीही तुकड्यांत. नेट पुरवून वापरायचं म्हणून आम्ही फक्त गोल बघायचो. चेंडू बाहेर गेल्यावर काय करतात, ते त्या तुकड्यांत नसतं.

बहीण शिकली गावातल्या बुद्धविहारामागच्या बांधीत. धान कापला की तेच शेत आमचं मैदान. चारही बाजूंनी धुरे, म्हणजे मातीचे बांध. चेंडू धुऱ्याला आपटून परत येतो, खेळ चालूच. पलीकडे गेला तर उडी मारून जायचं आणि तिथूनच मारायचा. शिट्टी नाही, थांबणं नाही.

त्या दिवशी धुरा नव्हता, चुन्याची रेघ होती. चेंडू रेघेपलीकडे गेला, शिट्टी वाजली, बाकीच्या पोरी थांबल्या. ही धावली. कोणीच अडवत नाही हे बघून आणखी जोरात धावली आणि नुसत्या उभ्या गोलकीपरच्या बाजूने गोल मारला. हात वर करून वळली, तर सगळं मैदान हसत होतं.

निवड करणाऱ्या साहेबांनी तिला जवळ बोलावलं. कुठे खेळतेस, विचारलं. बांधीत, ती म्हणाली. साहेबांनी आपला मोबाइल बाजूच्या माणसाच्या हातात दिला.

"बेटा, एक बार और करके दिखा. वैसे ही."

तिला वाटलं, हीच चाचणी. त्यांनी मुद्दाम रेघेबाहेर चेंडू फेकला आणि ती अशी सुटली, की तसं धावताना मी तिला कधी बघितलं नव्हतं. गोल मारून धापा टाकत परत आली.

"अजून एकदा करू का जी?"

मैदानावर लोक पोट धरून खाली बसले.

परतताना कुडव्याच्या वळणावर तिने सायकलवर मागून विचारलं, "दादा, दुसऱ्यांदा चांगलं झालं ना गा?" मी हो म्हणालो. खोटं नव्हतं. घरी पोचलो तर व्हिडिओ आमच्या आधी पोचला होता.

पुढच्या आठवड्यात गावची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा. दुपारी दंडार, म्हणजे आमच्याकडचं सोंगांचं नाटक, रंगली होती. लुगडं खोचलेला सोंगाड्या एका भोपळ्यामागे धावत सुटला, मांडवातून बाहेर, जिलेबीच्या दुकानाला वळसा घालून. दुसरा ओरडला, "थांब व, चोरखमारा तलाव आला, बुडशील!" बाबा पुढेच बसले होते. ते सगळ्यांत मोठ्याने हसले. त्यांनी व्हिडिओ बघितला नव्हता. शेजाऱ्याने कानात सांगितलं, ही तुझीच पोरगी. बाबा उठले नाहीत. हसत राहिले. उठले असते तर ज्यांना माहीत नव्हतं त्यांनाही कळलं असतं.

बहिणीने मात्र बघितलं, की बाप हसतो आहे. त्या दिवसापासून ती बांधीत आली नाही.

मी साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, मजाक था भाई. लड़की तेज है, पर रूल नहीं मालूम. चहा संपेपर्यंत शिकवता येईल असा तो नियम. शिकवायला कोणाला वेळ नव्हता, व्हिडिओ काढायला होता. पुन्हा चाचणी घ्या म्हटलं, तर म्हणाले, एकट्या भावाच्या सांगण्यावरून होत नाही.

क्लब यंदाही दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी त्याच मैदानावर चाचणी घ्यायला येणार आहे. तो व्हिडिओ तुमच्याही मोबाइलवर आला होता. तुम्ही हसलात आणि पुढे पाठवलात. आता त्या सकाळी मैदानावर या, साहेबांसमोर उभे राहा आणि सांगा, हिला पुन्हा धावू द्या. ती येईल की नाही, मला माहीत नाही. तुम्ही या.