शेजाऱ्यांचं आडनाव

शेजारच्या आजोबांचं आडनाव मी इथे देत नाही. ते इतकं दुर्मीळ आहे की दिलं तर थेट घरच सापडेल. आम्ही हॅमिल्टनला राहायला आलो तेव्हा देशभर झेंडा बदलायचा की नाही यावर वाद चालला होता. आमच्या कुंपणावर मात्र आजोबांचं आडनाव हा एकच विषय. दर शनिवारी मी कपडे वाळत घालायला गेले की ते पलीकडून सुरू. उत्तर इंग्लंडमध्ये एक खेडं होतं, त्यावरून आडनाव पडलं. खेडं कधीच उठलं, आता तिथे मेंढ्या चरतात. हे मी इतक्यांदा ऐकलंय की त्या मेंढ्याही मला ओळखत असतील.

एकदा मी बोलून गेले, "आमच्यातही गावावरून आडनावं असतात." झालं, आपल्याच हाताने पायावर धोंडा. पुढच्या शनिवारी बुटांच्या खोक्यातून कागद आले: चर्चमधल्या नोंदी, जुनी पत्रं, जहाजावरच्या प्रवाशांची यादी. मी कॉम्प्युटरवर काम करते, तर मी वंशावळ मांडून द्यावी. स्वतःच्या ऐंशीव्या वाढदिवसाला त्यांना ती मुलीच्या हातात ठेवायची होती. तीन महिने शनिवार गेले.

नवरा म्हणाला, "नाही म्हणून टाक ना सरळ. वीकेंडची वाट लावून घेतेयस."

त्यांना नाही म्हटलं नाही, चिडचिड मात्र नवऱ्यावर काढली.

शेवटी एकदाचं उरकलं. माहेरच्या कुलवृत्तांतात असते तशीच मांडणी केली: बाप, मुलगे, त्यांचे मुलगे. सगळ्यात खाली एकटे आजोबा. छापून नेऊन दिलं.

त्यांनी चष्मा लावला आणि स्वतःच्या नावाखाली बोट फिरवत राहिले. "माझी मुलगी कुठे आहे?"

"वंशावळीत मुलींना घेत नाहीत," मी म्हणूनही गेले.

"लग्नानंतर तिने आडनाव सोडलं नाही. दोन्ही मुलांनाही तेच दिलं. नाहीतर ते माझ्याबरोबरच संपलं असतं."

रागावले असते तर बरं झालं असतं. मला भांडता तरी आलं असतं.

वाढदिवसाला दोन दिवस उरले होते. खोक्यातली एकेक मुलगी शोधून सगळी वंशावळ पुन्हा मांडली. आता राग स्वतःचाच येत होता. माहेरच्या त्या जाडजूड पुस्तकात वडिलांच्या नावाखाली काय छापलंय, ते मला पाठ आहे. भावाचं नाव, शिक्षण, नोकरी. आणि पुढे: कन्या एक.