वळणावरचा हॉर्न

वायरिंगच्या काळ्या टेपचा रबरी वास आला की मला श्रीगोंद्यातली आमची गल्ली आठवते. आईची जुनी गाडी घराकडे येताना डावीकडे वळली की हॉर्न आपोआप वाजायचा, आणि नेमकं त्याच वळणावर काकूचं घर होतं. दोघी जावांचा वर्षभर अबोला. "मला डिवचायला मुद्दाम वाजवती," असं काकू गल्लीभर सांगायची, त्यामुळे आई अगदी रडकुंडीला आली होती. मला मात्र वेगळंच कोडं पडलं होतं: उजवीकडे वळताना ही गाडी गप्प का? शेवटी स्टिअरिंगखालच्या धुळीत डोकं घालून, एका हातात टॉर्च धरून मी दुसऱ्या हातानं स्टिअरिंग सावकाश डावीकडे फिरवलं. हॉर्नच्या वायरचं आवरण घासून गेलं होतं आणि उघडी तार तेवढ्याच वळणाला लोखंडाला टेकत होती. मी टेप गुंडाळली. दुसऱ्या दिवशी आम्ही त्या वळणावर गुपचूप वळलो, तर काकू फाटकाशी उभी. "अक्का, आज हॉर्न न्हाई वाजला? बरं हाय ना?" आईनं क्षणभर तिच्याकडे बघितलं आणि हॉर्न दाबला. टेप मी पक्की गुंडाळली होती, ती अजूनही सुटलेली नाही. तरी त्या वळणावर आमचा हॉर्न रोज वाजतो.