खालचा स्पीकर

वडशात नाटकांचा साउंड सांभाळणारा माझा शेजारी स्पीकर गाण्यावर तपासत नाही; नाटकातले संवाद लावतो. शब्द फाटला की शिव्या देतो. मी पेपरात बातम्या लिहितो. मी स्वस्तातले टॉवर स्पीकर घेतले आणि ऑनलाइन स्वतःच्या नावाने पाच तारे देऊन ‘दमदार आवाज’ असे लिहिले. परवा त्याने घरी येऊन संवाद लावले, माझा हात टॉवरमधल्या सर्वांत खालच्या स्पीकरवर दाबला. तो हलतच नव्हता. त्याने स्क्रू काढले. आत वायर नव्हती, नुसते प्लास्टिक.

“कवा लिहलं ते ‘दमदार आवाज’, भाऊ?”

“खोकं उघडलं तेव्हा.”

“म्हणजे न ऐकताच! माह्या बहिणीनं तुमचं वाचून हेच घेतले. मले इचारलं नाई. पेपरवाला खोटं काऊन लिहीन, म्हणे.”

मी ते मत खोडेपर्यंत तो दारात उभा राहिला. स्क्रू त्याने परत बसवले नाहीत; माझ्या हातात ठेवले.